रकाना

छापील फॉर्मात पूर आहे, वीज आहे, गारपीट आहे,
टोळधाडसुद्धा आहे.
वावटळीला रकाना नाही.
मी 'इतर'समोर खूण करतो आणि विचारतो,
बोला इंदूताई, काय काय गेलं?

'असं मधनंच काय लिवतासा,
थोरल्या वाऱ्यापास्नं लिवा की.'

मी इथला नव्हे. गेल्या दिवाळीत बदलून आलो,
हातकणंगल्यापासून आत, माळावरच्या या चिंचणवाडीत.
सज्जाच्या कपाटात सातबारे आहेत, फेरफार आहेत,
वाऱ्याचं दप्तर नाही. ते पारावर आहे.

थोरल्या वाऱ्याची तारीख कुणाकडे नाही.
तवनाप्पा मगदूम तेव्हा पाळण्यात होते.
पाळणा आढ्याला बांधलेला.
आढं गेलं, पाळणा राहिला.
'मग तो टांगलेला कशाला होता?'
या प्रश्नावर पारावरचे सगळे
एकदम तंबाखू मळायला लागतात.

मग गुऱ्हाळाचा वारा.
चुलवाण पेटलेलं, काहील उकळीला आलेली,
आणि तो माळावरून उभा आला,
आखाड्यात वस्ताद यावा तसा, घाई न करता,
माती अंगाला लावत.
छप्पर नेलं. जाळ नेला. रस तेवढा ठेवला.
सगळे उसात पळाले. बाबालाल गुळव्या
हातात फावडी घेऊन काहिलीपाशीच उभा,
कारण उकळी सोडून जाता येत नाही.
जळती चिपाडं गावावरून गेली ती भर दुपारी,
म्हणून कुणाला दिसली नाहीत.
तिन्हीसांजेला तीन गंज्या पेटल्या, तेव्हा कळलं.
त्या दिवशीचा गूळ काळा पडला.
अडत्यानं घेतला, दर पाडून.
बाबालालनं एक ढेप विकली नाही.
ती कुणी खाल्ली, यावर अजून दोन घरं बोलत नाहीत.

(हे मी कुठे लिहू? मी लिहीत नाही.
पण पेन थांबलेलंही नाही.)

पत्र्याच्या वाऱ्यापर्यंत गाव कौलं उतरवून बसलं होतं.
कौल उडालं तर कौलच पडतं.
पत्रा उडाला की त्याचं पातं होतं.
बाळकू लोहार स्वतः ठोकलेल्या पत्र्यानं गेला,
हुक त्याचे, वायसर त्याचे,
मजुरी अजून निम्मी यायची होती.
ती द्यायला माणूस तेराव्याला आला
आणि दारातूनच परत गेला.

तेव्हापासून गावात पत्र्यावर दगड ठेवतात.
लोहाराच्या घरावर बावीस.
त्याची सून दर चैत्रात शिडी लावून मोजते.
ही तीच, इंदूताई.

'यंदाचं सांगा,' मी म्हणतो.
पत्रे अकरा. कोंबड्या चाळीस, त्यातल्या नऊ
जिवंत सापडल्या, पण अंगावर पीस नाही.
हिरवं पातळ विजेच्या खांबाला गुंडाळलेलं,
लाईन बंद आहे, तरी वायरमन चढत नाही.
काकवीचा तांब्या दोन शेतं पलीकडे,
बांधावर, उभा, थेंब न सांडता.
'त्याची किंमत?'
'तो गेला न्हाई की वो. ऱ्हायला.
ऱ्हायलेलं कुठं लिवतासा तुमी?'

मी फॉर्म उलटा करतो. मागची बाजू कोरी असते,
ती कशासाठी असते ते प्रशिक्षणात सांगत नाहीत.
ती सांगू लागते: भिंती तीन. सासूचा पाटा.
नातवाची शाळेची पिशवी, आतला डबा भरलेला.
खांबाजवळची शेळी, दोरीसकट.

माळावरून थोडी धूळ उठते.
साधीच. पोरं तिला भिंगरी म्हणतात.
तरी सगळं अंगण एकदम गप्प होतं
आणि कागद माझ्या हाताखालून निघू पाहतो.
इंदूताई वाकते, अंगणात पडलेल्यातला
एक दगड उचलते, पदरानं पुसते,
माझ्या फॉर्मच्या कोपऱ्यावर ठेवते.

'ह्यो सतरावा,' म्हणते. 'पाच अजून गावायचं हायेत.
हं, लिवा.'