बारा चिंचोके

ग्वाल्हेरच्या जानेवारीत धुकं किल्ल्याच्या पायथ्याशी
अडून बसतं गाढवासारखं.
पावणेसहाला मी उरवाईच्या चढाला लागतो.
खडकातले उंच तीर्थंकर, कित्येक शतकं उभेच,
मला पळताना बघतात.
म्हणजे, मी पळतोय असं मला वाटताना.

एजी ऑफिसात छत्तीस वर्षं
दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या.
हिरव्या शाईची खूण, खाली सही: वा. गो. शितोळे.
त्याआधी, एकोणऐंशी साली,
पाच हजार मीटर, सोळा मिनिटं चार सेकंद.
कॅनव्हासचे बूट, आणि माझ्यापुढे कायम
भिंडचा रामसेवक हवालदार,
उजवा हात जरा बाहेर फेकत पळणारा.
मग बढती. मग मुलांच्या फिया. मग कमरेचा पट्टा.

डॉक्टरनं एक्स-रे खिडकीशी धरला,
म्हणाला, गुडघ्यातली जागा कमी झालीय.
म्हटलं, कुठे नाही झाली?

कुंदानं छातीवर नंबर लावला, एकशे सात.
पिना तीनच मिळाल्या होत्या,
चौथी तिनं बांगडीतून काढली.
"पडलात तर रिक्षानं या. मी उचलणार नाही."

सत्तरीपुढच्या गटात नावं तीन, पदकं तीन.
नुसतं पोचलं तरी कांस्य.
आमच्याकडे असल्या बिलावर
मी दोन पानी हरकत काढली असती.

साडेबारा फेऱ्या. आता डोकं मोजणी सोडून देतं मध्येच,
म्हणून मुठीत बारा चिंचोके,
तानसेनच्या कबरीपाशी वेचलेले.
लोक तिथं गळ्यासाठी पानं चघळतात,
बियांना कोणी विचारत नाही.
अर्धी फेरी झाली की मोजणी सुरू:
दर फेरीला रेषेवर एक टाकायचा.

पाचव्यापर्यंत पोटरी गप्प होती.
सातव्याला मागून पावलं,
आणि तो बाहेर फेकलेला हात, तसाच.
"साब, पहले साँस छोड़ो, लेना अपने-आप होगा।"
बोलून गेलासुद्धा.
सत्तेचाळीस वर्षांत त्याची पाठ
जराशी वाकलीय, एवढंच.

मी श्वास सोडला.
खरंच, घ्यावा लागला नाही.

मग घंटा वाजली,
पुढच्या वेळी रेषेवर एका मुलीनं हात पसरले,
"बस अंकल, हो गया!"
कोणीतरी गळ्यात टॉवेल टाकला,
घड्याळ थांबलं: तेहतीस एक्कावन्न.
टाळ्या. कुंदाच्याही.

मूठ उघडून पाहिली.
एक.

टॉवेल त्या मुलीच्या हातात दिला
आणि निघालो.
मागून हाका, शिट्टी; पंच खुर्च्या गोळा करत होते,
शंभर मीटरची पोरं लेनमध्ये येऊन
उड्या मारत होती, त्यांना म्हटलं, सरका रे.
दूरच्या वळणावर कोणीच नव्हतं.
तिथं माझ्या बुटांचा आवाज
मला पहिल्यांदाच नीट ऐकू आला:
एक पाय ठप, एक पाय फरफट.
तरुणपणी हा फरक होता का? कोणी सांगितलं नाही.

शेवटच्या सरळ पट्टीत पाहिलं
तर रेषेवर रामसेवक, बूट काढलेले, मोजे ओले,
एक बोट वर धरून उभा.
एक बाकी.
त्यानंही मोजल्या होत्या.

चिंचोका रेषेवर पडला, उडाला, गवतात गेला.

टेबलाशी जाऊन म्हटलं, ही वेळ कापा,
चारशे मीटर कमी आहे.
"रहने दीजिए अंकल, अच्छा टाइम है।"
अच्छा आहे म्हणूनच कापा, बाई.
पेन माझंच दिलं. हिरवं.

प्रमाणपत्रात वेळेच्या रकान्यात आता एक रेघ आहे,
शेजारी सही.
रेघ सरळ आली, सही हलली,
पाय तेव्हा थांबले नव्हते अजून.
कुंदा गजकाचा पुडा फोडत म्हणाली,
"दोनदा टाळ्या वाजवायला लावल्यात."
रामसेवकानं दोन तुकडे घेतले,
एक तिथंच खाल्ला.