आठवा पास

नोटीस मीच लिहिली, स्केचपेनने,
गड्डीगोदामच्या पानटपरीवर चिकटवली:
पाहिजे, मधल्या फळीसाठी एक पोरगा.
वय सतरा ते बावीस. मान वर ठेवून चालणारा.
पास्कल सर म्हणाले, चालणारा नाही बे, खेळणारा.
म्हटलं राहू द्या सर,
पहिले चालून तर दाखवू दे.

तसं आमच्याकडे सगळं आहे.
दोन गोली आहेत, त्यातला एक तर खरोखरचा पोस्टमन.
कामठीचे दोघे भाऊ आहेत विंगवर,
पंचेचाळीसच्या उन्हातही
टँकरमागे धावावं तसे धावतात.
स्टॉपर असा की त्याला धडकलेला माणूस
उठून त्याचीच माफी मागतो.
फक्त दहा नंबरची जर्सी
बेनीचा गुडघा गेला तेव्हापासून खुंटीवर आहे.
दर दिवाळीला मी ती धुतो,
न मळलेली.

अजनीला तीस वर्षं मी केबिनमध्ये होतो.
कोणती गाडी घ्यायची, कोणती आउटरला उभी ठेवायची,
कोणाला गुपचूप लूपमध्ये घालायचं.
मी लिव्हर ओढायचो तेव्हा गाडी दिसतही नसायची.
आत बसलेल्याला वाटायचं, रूळ आपोआप वळले.
तसा एक हवाय मला.
चेंडू येण्याआधीच ज्याने खांद्यावरून मागे पाहिलेलं असेल.

रविवारी सेहेचाळीस जण आले.
एकाने चेंडू मांडीवर चौऱ्याऐंशी वेळा नाचवला.
विचारलं, पंच्याऐंशीव्याला कोणाला देशील?
तो माझ्याकडे पाहत राहिला.
एकाचे वडील नगरसेवकाची चिठ्ठी घेऊन आले होते.
मोमिनपुऱ्याचा एक,
चेंडू त्याच्या पायाला गुळासारखा चिकटलेला,
पण मान खाली,
जसं काही मैदानात सांडलेली चिल्लर वेचतोय.

संध्याकाळी एकटाच बसून जुनी वही चाळली.
तीन वर्षांपूर्वीचं पान, अक्षर माझंच:
"जीवक गजभिये, इंदोरा. पास चुकतात. एका हाफमध्ये सात. काढला."

सात.
आठवायला बसलो एकेक.
पहिला डाव्या कोपऱ्याकडे. तिथे कोणीच नव्हतं.
दुसरा दोन बॅकच्या मधून, सुईत दोरा ओवावा तसा,
पण पलीकडे दोरा ओढायला कोणी नव्हतं.
तिसऱ्याला तर कामठीचा थोरला ओरडलाच,
"कोनाले देल्ला बे, भुताले?"
सगळे हसले.
मी जरा जास्तच.

आता वही मांडीवर, मैदान रिकामं,
आणि चेंडू कुठे जाऊन थांबला होता ते दिसतंय.
धाकटा दोन पावलं आधी निघाला असता
तर समोर फक्त जाळी होती.
पुढच्या पासलाही तेच. त्याच्या पुढच्याही.
गाडी वेळेवर येत होती,
फलाटावर आम्ही नव्हतो.
आणि शेरा कोणावर मारला, तर गाडीवर.

कमाल चौकात सापडला, कूलरच्या दुकानात,
वाळ्याच्या ताट्या बसवत.
मला पाहिलं. हात थांबला नाही.
"सीझन आहे सर. जूनपर्यंत नाही जमत."
जर्सी पिशवीत होती, ती पिशवीतच राहिली.
ओल्या वाळ्याच्या वासात उभा राहून
काहीतरी बोलायचं म्हणून बोललो,
ते सात पास आठवतात का रे?

त्याने तोंडातला खिळा काढला.
"आठ होते," म्हणाला,
आणि पुढची ताटी उचलली.

सोमवारी मी चेंडू खोलीतच कुलपात ठेवले.
कामठीच्या भावांना म्हटलं,
आजपासून चेंडू यायच्या आधी निघायचं.
धाकट्याने विचारलं, कुठे?
जिथे कोणी नाही तिथे.
थोरला म्हणाला, आणि पास देणार कोण? भूत?

मी घड्याळ लावलं, शिट्टी ओठात धरली.
एप्रिलची दहा तारीख होती.
जूनपर्यंत वेळ होता आमच्याकडे.