टाच

ठोसा मुठीत नसतो, मोहिते सर म्हणायचे,
मूठ म्हणजे नुसता पोस्टमन.
पत्र लिहिलं जातं खाली, लादीवर,
उजव्या टाचेत.
आणि खडूनं माझ्या बुटामागे रेघ ओढायचे :
"गरब्यात फिरतेस ने? तशीच फिरव.
कंबर येईल मागोमाग, खांदा येईल,
हाताला काही सांगायचं नाही."

दांडिया बाजारातल्या त्या पत्र्याखाली
वर्षभर मी फक्त टाच फिरवली.
कोपर बाहेर गेलं की सरांची पट्टी,
मनगट वाकलं की शेवउसळ बंद.

शर्वाणी खानविलकर माझ्याच वजनाची, चोपन्न किलो,
म्हणून रोज तीच समोर.
लाल हेडगार्ड, आतला फोम तिच्याच घामानं आंबलेला.
आम्हाला वाटायचं, टोपी आहे ना.

त्या गुरुवारी सगळं जुळून आलं.
टाच, गुडघा, कंबर, खांदा,
मधे कुठे गळती नाही.
हनुवटीच्या कडेला, हूक.
जोरात नाही, खरंच,
माझ्या हाताला तर काही लागलंसुद्धा नाही.
तिची मान फिरली, एवढंच,
मागून कोणी हाक मारावी तशी.
सर म्हणाले, "वा!"
ती हसली. तिसरी फेरी पुरी केली.
परतताना सुरसागरापाशी विचारलं तिनं,
आपली स्कूटर कुठे लावलीय गं?
आम्ही स्कूटरवरच होतो.

दुधाचं मला फार उशिरा कळलं, स्वयंपाकघरात.
पातेलं झटकन फिरवलं :
भांडं गेलं, साय जागेवरच थांबली,
मग निघाली, सुरकुतली,
एका कडेनं फाटली.
कवटीला तडा नव्हता. रिपोर्ट स्वच्छ.
टोपी भांड्याला होती.

एकानं नाही होत असं, डॉक्टर म्हणाले,
एकूण किती खाल्ले असतील?
मी मोजायला बसले.
आठवड्याचे सहा दिवस, दिवसाच्या चार फेऱ्या,
फेरीत माझे नीट बसलेले, धरा, आठ.
दुसऱ्या महिन्यातच पेन खाली ठेवलं.

रविवारी मी तिच्याकडे जाते.
ब्लाउजचा हुक तिच्या बोटांना सापडत नाही,
मी लावून देते.
ती तिसऱ्यांदा विचारते, चहा घेतलास ना सकाळी?
घेतला, म्हणते.
टेबलाखाली माझी चप्पल निसटलेली,
उजवी टाच लादीवर
अर्धी फिरून थांबलेली.