अर्धी अनामिका

रात्री तीनला हात मरतो.
मेलेला हात पलंगाबाहेर काढून मी झटकते,
थर्मामीटर झटकतात तसा.
मग मुंग्या येतात, आणि मुंग्यांमागून मी.

मालपिकाच्या धक्क्यावर बत्तीस वर्षं जाळी विणली.
विणली म्हणजे, फाटलेली सांधली.
नवं जाळं आता यंत्रातून येतं,
फाटतं मात्र अजून खडकावरच.
हातावर पोट म्हणतात ना,
तर पोट होतंच. हात उरला नव्हता.

डॉक्टर म्हणाला, कापू या.
मी म्हटलं, सार्डिनचा हंगाम आहे.
मग इरियाकडे जा, म्हणाला.

इरिया माझ्या धाकटीच्या वयाची.
डोळे मिटायला लावून तिनं कापसाचा बोळा फिरवला:
अंगठा? नाही. तर्जनी? नाही.
मधलं? कुठंतरी लांब.
करंगळी ठणठणीत, शेजारच्या घरची असल्यागत.
आणि अनामिका अर्धी.
मधल्या बोटाकडची बाजू मुकी, करंगळीकडची जागी.
नाव नसलेल्या बोटातही कुणी बांध घातला होता.

"मनगटात बोगदा असतो," ती सांगू लागली,
"खाली आठ हाडं, वर एक पट्टा,
मधून नऊ दोर जातात आणि एक नस.
दोर सुजले की नसेला जागा उरत नाही."
पोरी, म्हटलं, दोरांचं मला सांगू नकोस.

रात्री मनगट सरळ धरणारी पट्टी बांधायची.
सेसारियो म्हणाला, तुलाही डागडुजीला किनाऱ्यावर ओढली वाटतं.
कोमट मेणात हात बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा;
मेण सोललं की आत माझाच हात,
गुलाबी, ओशाळलेला.
तळव्याच्या मुळाशी ती अंगठ्यांनी हाडं हलवून बघायची,
गंजलेली कडी हलवतात तशी.
बोटं ताठ. मग आकडा. मग मूठ.
दहा वेळा, दिवसातून तीनदा.

मग हात बाजूला पसरायचा,
तळवा आभाळाकडे, मनगट मागं, मान पलीकडे.
मी नेटानं ताणला.
"ओढू नका!" ती ओरडली,
"नस ओढायची नसते. सरकवायची."

मी तशीच उभी राहिले, एक हात हवेत.
तळाशी अडकलेलं जाळं जोर लावला की फाटतं.
नाव मागं घ्यायची, दोर सैल सोडायचा,
लाट उचलेल तेवढंच घ्यायचं.
बंदरातल्या प्रत्येक नवख्या पोराला हे मीच शिकवलं,
आणि स्वतःच्या दंडात ओढत राहिले.

धक्क्यावर हात पसरला तेव्हा एलादिया हसली:
निरोप कुणाला देतेस गं?
आठवड्यानं तिनंच हळूच विचारलं,
मान कुठल्या बाजूला?

आता सुईच्या दांड्याला जाड पट्टी गुंडाळलीय,
स्टूल वीतभर उंच केलंय,
अर्ध्या तासानं हात मोकळा सोडते.
मुकादम घड्याळाकडे बघतो. मीही बघते.

सहावा आठवडा.
बरी झाले असं नाही. कॉफीचा कप कधीमधी सुटतो,
आणि कापायचं राहिलंय, टळलंय असं कुणी म्हणालेलं नाही.
पण काल डोळे मिटलेले असताना
अनामिकेच्या मुक्या बाजूवरून काहीतरी गेलं.
मुंगी नव्हती.

"काही कळलं?" इरियानं विचारलं.
लगेच सांगितलं नाही.
म्हटलं, अजून एकदा फिरव.