अडीच सेकंद

मुहू बेटाला फेरी लागली तेव्हा
समुद्र पुरता गोठला नव्हता,
काठाकाठानं नुसती साय धरलेली.
हेलेरीनच्या पाठपिशवीत
सहा पांढऱ्या डब्या, वायरींचं जंजाळ,
आणि ऑफिसात फारच साधा वाटलेला एक प्रश्न:
माणूस बोलता बोलता थांबला
तर यंत्रानं किती वेळ वाट पाहायची?

म्हणजे, बोलणं संपलं
असं कधी धरून चालायचं?

टालिनच्या पोरांपुरतं उत्तर तयार होतं: पाऊण सेकंद.
त्याहून उशीर झाला की ती उठून जातात.

एंडेल, वय सत्त्याऐंशी.
धक्क्यावर फेरीचे दोर झेलण्यात उमर गेली.
त्याच्या टेबलावर, राईच्या पावाशेजारी
तिनं डबी ठेवली.
डबीनं गोड आवाजात विचारलं,
काल रात्री झोप कशी लागली?

"नो…" एंडेल म्हणाला
आणि थांबला.

(हा नो म्हणजे नाही नव्हे.
विहिरीत पोहरा सोडताना
रहाट कुरकुरतो, तसलं काहीतरी.
पाणी लागायला वेळ लागतो.)

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. जुनिपरची झुडपं.
कपाच्या कानावरून अंगठा फिरवला.
"तुमचं उत्तर ऐकू आलं नाही," डबी म्हणाली.
"पुढच्या प्रश्नाकडे वळू या का?"
एंडेल हो म्हणाला,
पण तिथले म्हातारे म्हणतात तसं, श्वास आत ओढून,
हो बाहेर न सोडता गिळून टाकावा तसं.
डबीला तेही ऐकू आलं नाही.
आत जाणारा श्वास
तिच्या हिशेबी शब्दच नव्हता.

हेलेरीननं वहीत लिहिलं: अकरा सेकंद.
मग पुढे जोडलं: आणि बायको.
झोपेचं विचारलं की आधी
पलंगाच्या रिकाम्या बाजूपर्यंत जाऊन यावं लागतं,
हे तो बोलला
डबी बंद केल्यावर.

मीटिंगमध्ये रास्मुस काही वाईट वागला नाही.
त्यानं आलेख दाखवला.
एवढ्या सेकंदाला एवढे पैसे,
एवढी माणसं कंटाळून गळतात.
ती म्हणाली अकरा, तो म्हणाला एक,
आणि मासळीबाजारात ठरतो तसा भाव ठरला.
अडीच.
"अडीच म्हणजे पुष्कळ झाले," म्हणत सगळे कॉफीकडे वळले.

मंगळवार होता. तिनं चौकटीत आकडा टाकला.
तिच्या भाषेत भविष्यकाळच नाही.
आपण "येईन" म्हणतो,
ते उद्यासाठीही "येतो"च म्हणतात.
त्यामुळे असेल,
चौकटीत नेमकं काय भरलं गेलं
ते तिला त्या दिवशी कळलं नाही.

मे महिन्यात ती पुन्हा गेली.
एंडेल आता पटापट बोलत होता.
झोप? बरी. गुडघा? बरा. गोळ्या? घेतल्या.
डबीवर हिरवा दिवा.
शेजारीण उर्वे मात्र वैतागलेली:
"हल्ली माझं वाक्य संपायच्या आत हा उत्तर देतो.
चाळीस वर्षं आम्ही कुंपणापाशी
मध्ये एक बटाटा सोलून होईल
एवढं थांबून बोलत आलो.
आता मी काय करू त्या बटाट्याचं?"

हेलेरीननं डबीची वायर काढली.
मग स्वतःच विचारलं, झोप कशी लागते, एंडेल?
"बरी." लगेच.

ती काही बोलली नाही.
हुंकारसुद्धा दिला नाही.
मनगट बाहीत लपवून बसून राहिली.
बाहेर कुणीतरी मासे धुरावर टांगत होतं,
एकेक, तारेत ओवून.
बाहीतलं घड्याळ चाललं असेल.

"नो…" तो म्हणाला.