सर्वप्रथम

नगरपालिकेच्या अभ्यासिकेत
बावीस खुर्च्या, तीन पंखे, त्यातला एक फिरतो.
एप्रिलात चोपड्याला रात्री दहा वाजताही
भिंतीला पाठ टेकवत नाही.
ओला पंचा मानेवर टाकून
मी परवान्याच्या परीक्षेचे प्रश्न सोडवते.

प्रत्येक प्रश्नात कोणीतरी रडत असतं.
स्त्री, वय चव्वेचाळीस, पती दारू पितो.
मुलगा, वय सतरा, तीन आठवडे गप्प.
त्यांना नाव नसतं, गाव नसतं,
आणि शेवटी विचारलेलं असतं:
समाजकार्यकर्ता सर्वप्रथम काय करील?

सर्वप्रथम.
हा शब्द मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलाय.
त्याच्याखाली रुबाब तडवीने, यावलच्या,
पेन्सिलीने लिहिलंय: चहा.

रुबाब दोनदा बसलाय या परीक्षेला.
दोन्ही वेळा नीतिमूल्यांच्या पेपरात गेला.
म्हणतो, चारही पर्याय बरोबरच असतात गं,
आपण फक्त त्यांची रांग लावायची,
कोण आधी, कोण मागे.
सुरक्षितता. मग मूल्यमापन. मग बाकीचं.
मी पाठ करते,
गिरणीतल्या दळणाच्या डब्यांसारखे
शब्द पायाने पुढे सरकवत.

दिवसा उपजिल्हा रुग्णालय, खोली अकरा.
अकरा महिन्यांचं कंत्राट, एक दिवस घरी,
पुन्हा अकरा महिने.
परवाना मिळाला की दारावरच्या पाटीत
'समुपदेशक' या शब्दाखाली माझं नाव येईल
असं मोठे साहेब म्हणालेत, चालता चालता.

मंगळवारी वैजापूरकडून रायकीबाई पावरा आली
पोराला घेऊन.
जीपच्या टपावरचा धुरळा
दोघांच्या भुवयांवर सारखाच.
पोरगा गप्प. तीन आठवडे नाही, दिवाळीपासून.
पावरी मला दहा शब्द येते,
त्यातले सहा खाण्याचे.
दुभाषा शिपाई जेवायला गेलेला.
'वय?' मी विचारलं, बोटं मोजून दाखवली.
तिने पोराकडे पाहिलं,
जणू तो आत्ता सांगेल.

डोक्यात अ ब क ड उभे.
धोका तपासा. घराण्याचा इतिहास घ्या.
तज्ज्ञांकडे पाठवा (ते येतात दुसऱ्या गुरुवारी).
विश्वासाचं नातं प्रस्थापित करा.
मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

पोराच्या पायात एकच चप्पल होती.

ते पाहिलं कलाबाईने, फरशी पुसताना.
बादली तिथेच ठेवून गेली,
कुठूनशी एक निळी रबरी चप्पल आणली,
त्याच्या पायाशी टाकली.
'ले, हाई घाल. बाहेर डांबर तपेल शे.'
तीही डाव्याच पायाची निघाली.
त्याने खाली पाहिलं. बराच वेळ.
मग उजवा पाय तिच्यात सरकवला, तिरका,
अंगठा बाहेर.

यावर पुस्तकात प्रकरण आहे, चौथं.
कलाबाई बादली घेऊन पुढच्या खोलीत गेली होती.
मी अर्जात लिहिलं:
रुग्णाने सहकार्य केले.

रविवारी जळगावला केंद्र.
पहाटेच्या बसमध्ये तापीच्या पुलावर
केळीच्या ट्रकमागे अडकलो अर्धा तास,
मी तेवढ्यात नीतिमूल्यं दोनदा वाचली.
प्रश्न सदुसष्ट: किशोरवयीन मुलगा, बोलत नाही,
आईसोबत आला आहे. सर्वप्रथम?
पायांबद्दल काही दिलेलं नव्हतं.
मी 'अ'चा गोल काळा केला.
बरोबर आहे तो. रुबाबही 'अ'च म्हणाला.
उत्तरपत्रिकेच्या कडेला छापलं होतं,
येथे काहीही लिहू नये.
नाही लिहिलं.

संध्याकाळी बसस्टँडमागच्या दुकानात विचारलं,
एक उजवी चप्पल मिळेल का, नुसती उजवी?
दुकानदार हसला.
ताई, जोडच घ्यावा लागतो.
बरं, जोड द्या.
माप काय?

मी उभी.
आमच्या अर्जात तो रकाना नाही.