पोच

मार्केट यार्डात, दादगोंडा मगदुमांच्या अडतीच्या माडीवर बसून
मी एक लायब्ररी लिहिते आहे.
पुस्तकांची नव्हे, हे आईला तीनदा सांगून झालंय.
इथल्या डेटाबेसात जे उमटेल
ते उचलायचं, क्रमांक घालायचा
आणि साताऱ्यात, गोडोलीच्या एका खोलीत
जसंच्या तसं पुन्हा उमटवायचं.
"म्हणजे कार्बन कागद," दिवाणजी म्हणाले
आणि माझं सहा महिन्यांचं समजावणं संपलं.

कृष्णा तिकडून इकडे येते.
माझ्या नोंदी उलट्या जातात, चढाला.
ज्या साली पाणी पेढीच्या गल्ल्यापर्यंत आलं,
वह्या फुगल्या, आकडे शेजारच्या पानावर गेले,
त्या सालापासून मगदुमांना दुसरी प्रत उंचावर हवी आहे.
"पूर्वी हरिपुराला माल पेवात असायचा," दिवाणजी सांगतात,
"पेव एक, पावत्या दोन.
एक पावती नेहमी दुसऱ्या गावात."

खाली सौदा चालतो.
रुमालाखाली हात हाताला शोधतो.
एक दाब: आहेस?
उलटा दाब: आहे, तू?
पुन्हा दाब: आहे, बोल.
मग बोटं, मग भाव.
हेच तर मी वर लिहिते आहे, चौदाशे ओळींत,
रुमालासकट.
वाटेतल्या कुणाला बोटं दिसू नयेत
म्हणून सगळ्यात जास्त रात्री त्या रुमालावरच गेल्या.

मंगळवारी दुपारी पेठ नाक्यावर
जेसीबीनं केबल उपटली, मेथीच्या जुडीसारखी.
लॉट चारशे बारा, राजापुरी, सत्तावीस पोती.
नोंद निघाली.
पोच आली नाही.

गप्प माणूस आणि गेलेला माणूस
लांबून सारखेच दिसतात.
किती वेळ थांबायचं, हे मीच ठरवलं होतं: तीस सेकंद.
वीस का नाही? चाळीस का नाही?
खरं सांगते, तीस हा आकडा
त्या वेळी बरा दिसला म्हणून लिहिला होता.
एकतिसाव्या सेकंदाला पडद्यावर एररचं पेव फुटलं.
खाली मात्र चारशे तेरा, चारशे चौदा,
हमाल पोती उचलत होते, कुणाला काही कळलं नव्हतं.

गोडोलीहून तबस्सुम बागवानचा फोन:
"तुझी सांगली मेली का गं?"
"नाही, आहे."
"इथं तर मेलेली दिसतेय. मी मालक होऊ?"
एक आज्ञा, एंटर, आणि साताराही मालक.
मग दोन खुर्च्या, दोन शिक्के, एकाच हळदीचे दोन हिशोब,
जे नंतर कुठल्याच दिवाणजीला जुळवता येणार नाहीत.
"थांब," मी म्हटलं.
ती थांबली. चमच्याचा आवाज आला, चहा ढवळल्याचा.
माझ्या लायब्ररीत या थांबण्यासाठी
अजून एकही ओळ नाही.

पावणेसहाला केबल जोडली.
सांगलीनं विचारलं: कुठपर्यंत?
सातारा म्हणाला: चारशे बारा.
माझ्याकडे तर अकराच लिहिलेले.
म्हणजे नोंद पोचली होती.
हरवली होती ती पोच.
मग पुढची सेहेचाळीस पोचली, पाठोपाठ,
कोण गप्प होतं याची चौकशी न होता.
दिवाणजींनी खाली येऊन विचारलं, "जुळलं?"
मी म्हटलं, जुळलं.
त्यांनी तरीही आपली वही काढली
आणि बाराव्या लॉटसमोर पेन्सिलीनं टिंब दिलं.

रात्री साडेदहाला खोलीवर आले, चपला काढल्या,
तेव्हा फोन पाहिला.
कोरेगावहून आई. सात वेळा.
रविवारी गाडीत बसवताना म्हणाली होती,
पोचलीस की कळव, नुसती रिंग दिलीस तरी चालेल.
आज मंगळवार.
मी तर रविवारी संध्याकाळीच पोचले होते.
मुलीला काही पाचपोच आहे का, असं
ती शेजारणीजवळ नक्की म्हणाली असणार.
पण तिनं मला अजून
मेलेली धरलेलं नाही.
तिचा आकडा किती, विचारायला हवं.
रिंग जाते आहे.